रविवारी बायकांनाही कोणीतरी वाढावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी लग्न होऊन आले तेव्हापासून येतो आणि रविवारची पुरवणी तर मी सोडतच नाही. त्यात बायकांच्या पानावर दर आठवड्याला एक रेसिपी असते, मी ती कापून वहीत चिकटवते पण. ह्या वेळी मात्र मला बायकांनी केलेल्या नाही, बायकांनी आरामात बसून खाल्लेल्या एका जेवणाबद्दल लिहायचंय, तेव्हा पत्र थोडं लांबलं तरी छापावं ही विनंती.

आम्ही खानापूरच्या. घरात आम्ही तिघी जावा आणि आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई. सुगी आत्ताच संपली, भात कापणी मळणी होऊन पोती घरात आली, आणि ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना माहितीच आहे की त्या दीड दोन महिन्यात बाईला बसायला मिळत नाही, शेतातनं आलं की चूल आणि चूल झाली की शेत. तर माझी पुतणी बेळगावात नोकरीला आहे ती म्हणाली, काकू तुम्ही सगळ्या एकदा रविवारी इकडं या की, कॅम्पात, म्हणजे छावणी भागात, एक कॅफे आहे तिथं ब्रंच मिळतो, म्हणजे नाष्टा आणि जेवण मिळून एकच, सकाळी दहाच्या पुढं कधीपण जायचं आणि बसायचं. कॅफेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, पत्राची जाहिरात व्हायला नको, पण बेळगावात खूप फेमस आहे आणि रविवारी बाहेर लोक उभे असतात एवढं सांगितलं की कॅम्पात जाणाऱ्यांना कळेल.

जायचं कसं हा प्रश्न आता राहिलेला नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू आहे, साध्या आणि एक्स्प्रेस बसला बायकांना पैसे नाहीत, आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य तिकीट देतो. ह्या योजनेवर लोक काय काय बोलतात ते मी ऐकलंय, बायका उगीच फिरायला लागल्या म्हणतात. मला त्यात वाईट काय ते कळत नाही. आमच्या आत्तींनी सत्तरी ओलांडली, त्यांचा आजपर्यंतचा बेळगावचा प्रवास म्हणजे दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि कुणाचा तरी दिवस, तेवढ्यालाच. स्वतःला आवडेल म्हणून बेळगावला जाणं हे त्यांनी पहिल्यांदा केलं आणि ते त्या शून्य तिकिटामुळे झालं, हे मी पेपरात लिहून सांगते.

गणेबैल, देसूर, मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग करत बस टिळकवाडीत आली आणि आम्ही गोगटे सर्कलला उतरलो, तिथनं रिक्षा केली. थंडी चांगलीच होती. कॅफे एका जुन्या कौलारू बंगल्यात आहे, पुढं व्हरांडा, मोठं आंब्याचं झाड, आणि वर बघून आत्ती पहिलं वाक्य काय बोलल्या तर "ही कौलं आमच्या खानापूरचीच असणार." खानापूरची माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी नावाजलेली, त्यामुळे असतीलही. तेवढ्यानं त्यांची भीड मोडली, नाहीतर बसमध्ये त्या सारखं म्हणत होत्या की मला तिथलं काय कळणार, मी बाहेर बसते तुम्ही खाऊन या.

आत्तींचं हे बाहेर बसणं उगीच आलेलं नाही. त्यांच्या तरुणपणी हॉटेलात बाईमाणसासाठी वेगळी फॅमिली रूम असायची, लाकडी पार्टिशन आणि पुढं पडदा. पुरुष बाहेर टेबलावर मोकळे बसायचे आणि बायका पडद्याआड, पटकन खायचं आणि निघायचं, पोरांना गप्प करत. आणि तेही सोबत पुरुष असेल तर. चार बायका मिळून हॉटेलात गेल्या असं त्यांनी कधी केलं नाही, बघितलंही नाही. मी स्वतः लग्नानंतर नवरा किंवा दीर बरोबर असतानाच हॉटेलात गेलेय, आणि काय मागवायचं ते तेच सांगायचे.

इथं आम्हाला व्हरांड्यातलं उन्हाचं टेबल मिळालं. आजूबाजूला सगळ्या प्रकारची माणसं. चर्चमधली मिस्सा आटपून आलेलं एक कुटुंब होतं, आजीपासून नातवापर्यंत, कोकणीत गप्पा चाललेल्या. मेडिकलला शिकणाऱ्या पोरी होत्या, सुट्टीवर आलेला एक जवान होता बायको आणि लहान पोरीला घेऊन, आणि एका टेबलावर आमच्यासारख्याच पाच सहा बायका, शहापूरकडच्या असाव्यात, मराठीत मोठमोठ्यानं हसत होत्या आणि कुणी वळून बघत नव्हतं. मराठी कन्नड कोकणी उर्दू सगळं एका व्हरांड्यात ऐकू येत होतं, बेळगावात वेगळं काय असणार म्हणा.

मेनू कार्ड सगळं इंग्रजीत. माझ्या धाकट्या जावेला वाचता येतं पण पदार्थ कळेनात, आत्तींना तर चष्मा लावूनही उपयोग नव्हता. तेवढ्यात वाढणारा पोरगा आला, बैलहोंगलकडचा, "बर्री अज्जी, कूड्री", म्हणजे या आजी, बसा, म्हणून त्यानं आत्तींना खुर्ची ओढून दिली, आणि मग मोडक्या मराठीत आणि अर्ध्या कन्नडात एकेक पदार्थ काय आहे, त्यात अंडं आहे की नाही, तिखट किती, सगळं सांगितलं, घाई न करता. आत्ती त्याला प्रश्न विचारत होत्या आणि तो उत्तर देत होता. मी आमच्या घरात कुणी आत्तींना "तुम्हाला काय खायचंय" असं इतक्या निवांतपणे विचारलेलं बघितलं नाही, त्यात मी पण आले.

मागवलं ते असं. आत्तींना ज्वारीचं थालीपीठ आणि वर घरच्या लोण्याचा गोळा, मोठ्या जाऊबाईंना लोणी डोसा, धाकटीला मशरूमचं ऑम्लेट, आणि मी पुतणीच्या सांगण्यावरून पावावर ठेवलेली पाण्यात शिजवलेली अंडी, त्यावर एक पिवळा सॉस असतो, अंड्याचा बलक आणि लोणी गरम पाण्यावर भांडं धरून घुसळत करतात आणि शेवटी लिंबू पिळतात. जास्त गरम झालं तर बलक फाटतो, कमी झालं तर दाट होत नाही, असं तो पोरगा म्हणाला. चमच्यानं अंडं फोडलं की आतला बलक पावात उतरतो आणि लिंबाची आंबट चव मागनं येते, मला खूप आवडलं, खरं सांगते.

पण दिवस लक्षात राहिला तो त्या पावामुळे. तो आपल्या बेकरीचा मऊ पाव नव्हता, वरनं कडक, जाडसर साल, आत मोठी मोठी भोकं आणि थोडा आंबट. आत्तींनी माझ्या ताटातला तुकडा मोडून नाकाला लावला आणि त्या पोराला म्हणाल्या, "पीठ आंबीवलेलं हाय न्हवं हे?" तो हसला, म्हणाला होय अज्जी, सोडा नाही यीस्टची पुडी नाही, नुसतं पीठ आणि पाणी. आणि मग आत जाऊन परवानगी काढून तो चक्क आत्तींना किचनच्या दारापर्यंत घेऊन गेला, मी पण मागनं गेले. तिथं काचेच्या बरणीत त्यांचं आंबवण होतं, फसफसलेलं. रोज त्यातलं थोडं काढायचं आणि तेवढंच नवीन पीठ पाणी घालायचं, आपण ताकाला मुरवण राखून ठेवतो तसं ते राखतात. पिठात आणि हवेत जे जंतू असतात तेच ते फुगवतात आणि आंबट करतात, मग रात्रभर पीठ थंडीत ठेवून सकाळी भट्टीत. भट्टीत सुरुवातीला वाफ सोडतात म्हणून वरची साल लगेच कडक न होता पाव आधी फुगतो, असं तिथल्या आचाऱ्यानं सांगितलं.

आता आत्ती काय गप्प बसतात. पन्नास वर्षं आंबोळीचं पीठ आंबवलेली बाई ती. त्यांनी त्या आचाऱ्याला सांगायला सुरुवात केली, तांदूळ किती, उडीद किती, चार दाणे मेथी का घालायची, आमच्याकडं कणकुंबी जांबोटीच्या बाजूला पाऊस लागला की पीठ वर येत नाही तेव्हा भांडं घोंगड्यात गुंडाळून चुलीच्या उबेला कसं ठेवायचं, थंडीत रात्री नाही तर दुपारीच भिजवायचं, आणि पीठ आलं की नाही ते बोटानं कसं बघायचं. आचारी पोरगा पंचविशीतला असेल, हातातलं काम ठेवून ऐकत होता, मधे मधे विचारत होता, मीठ आधी घालता की नंतर. आत्ती म्हणाल्या, आमच्यात नंतर. घरात आम्ही सुना ह्याच गोष्टी ऐकून न ऐकल्यासारखं करतो, आणि इथं एक शिकलेला आचारी ते लिहून घेत होता. परत टेबलावर आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर बघितलं नव्हतं. थालीपीठ गार झालं असेल म्हणून त्या पोरानं न सांगता दुसरं गरम आणून दिलं, त्याचे पैसेही लावले नाहीत.

मग कॉफी. आम्ही चहावाली माणसं, पण इथं फिल्टर कॉफी घेतली, पितळी वाटी पेल्यातली. देशातली साधारण 70 टक्के कॉफी आपल्या कर्नाटकात पिकते, चिकमंगळूर आणि कोडगूकडं, आणि आपण सीमेवरची माणसं चहाच पितो, ही गोष्ट पुतणीनं सांगितली तेव्हा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या मग पिऊया की. बाय टू, म्हणजे एक कॉफी दोघींत, मागितलं तर त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, जास्तीचा पेला आणून दिला. शेवटी कुंदा घालून केलेला एक केक, आपला बेळगावचा कुंदा, दूध आटवून आटवून तांबूस रवाळ केलेला, तोच वापरलेला. मला नुसता कुंदा जास्त आवडतो, पण धाकटीनं बोटं चाटून खाल्ला.

आम्ही साडेदहाला बसलो आणि एक वाजून गेला तरी उठलो नव्हतो. बाहेर लोक थांबलेले असून कुणी टेबल पुसायला आलं नाही, बिल आणून ठेवलं नाही. हे महत्त्वाचं आहे हो. हॉटेलात गिऱ्हाइकाला उठवायचे कितीतरी प्रकार असतात, आणि बायका तर नुसत्या नजरेनं उठतात. त्या अडीच तासात आम्ही चौघी जे बोललो ते घरात एका वर्षात बोललो नसू. आत्तींनी त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या, मोठ्या जाऊबाईंनी गुडघ्याचं दुखणं पहिल्यांदा नीट सांगितलं, घरात विचारलं की "काय न्हाई" म्हणून मोकळ्या व्हायच्या. पुढच्या आठवड्यात त्यांना दाखवायला पण नेलं. स्वयंपाकघरात एकीचं तोंड चुलीकडं आणि एकीचं मोरीकडं, तिथं असं बोलणं होत नाही.

पुतणीनं एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. 1895 साली इंग्लंडमध्ये गाय बेरिंजर नावाच्या एका लेखकानं एका साप्ताहिकात लिहिलं की रविवारी चर्चमधनं आल्यावर ते जड जेवण कशाला, उशिरा सकाळी काहीतरी हलकं खा, म्हणजे हाच ब्रंच, माणसं आनंदात राहतील. आमच्याकडं पण रविवार म्हणजे तेच की. मटण नाहीतर चिकन, पाट्यावर नाही तर मिक्सरला पण मसाला भाजून वाटायचाच, तांबडा वेगळा, सुकं वेगळं, भाकऱ्या मोजता येत नाहीत, त्यात पोरांचे शाळेचे कपडे, आणि कोण ना कोण पाहुणा. बाकीच्यांचा सुट्टीचा दिवस तो बाईचा सगळ्यात जास्त कामाचा दिवस. सरकारनं 2024 मध्ये देशभर वेळेचा सर्व्हे केला, त्यात घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची 88 मिनिटं. हे रोजचं सरासरीचं झालं, रविवारचं वेगळं मोजलं तर काय निघेल ते आमच्यासारख्या घरातल्या बायकांना विचारा.

त्या दिवशी घरी काय झालं तेही लिहिते. मोठ्या दिरांनी भात आणि आमटी केली, पोरांनी अंडी तळली, सगळे जेवले. काही अडलं नाही. आम्ही संध्याकाळी पोचलो तर भांडी पण घासून पालथी घातलेली.

बिलाचं पण सांगते कारण बायका तिथंच घाबरतात. माणशी साडेतीनशेच्या आसपास आले, आम्ही भिशीतले पैसे वापरले. कमी नाहीत, शिलाईचे चार ब्लाउज होतात तेव्हा तेवढे हातात येतात, म्हणून मी दर महिन्याला जा म्हणत नाही. पण वर्षातनं दोनदा तीनदा परवडतं, एका साडीच्या पैशात चौघींचं होतं. बिलावर 5 टक्के जीएसटी होता, अडीच केंद्राचा अडीच राज्याचा, आणि सर्व्हिस चार्ज नव्हता. हा चार्ज हॉटेलनं आपणहून लावायचा नाही असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सांगितलंय आणि दिल्ली हायकोर्टानं मार्च 2025 मध्ये ते योग्य ठरवलंय, तेव्हा कुठं लावलेला दिसला तर काढायला सांगा, लाजू नका. त्या बैलहोंगलच्या पोराला आम्ही खुशीनं वेगळे दिले. घेताना "साक अज्जी साक", म्हणजे पुरे आजी पुरे, म्हणत होता, आत्तींनी हातात कोंबले.

आता कॅफेवाल्यांना माझं सांगणं. बेळगावात, खानापुरात, निपाणीत, चिकोडीत आता कॅफे निघायला लागलेत, चांगलं आहे. पण ते बघून असं वाटतं की सगळं कॉलेजच्या पोरांसाठीच चाललंय. उंच स्टूल, पाठ टेकायला जागा नाही, इतकं मोठं गाणं की शेजारचं ऐकू येत नाही. आम्ही गेलो तिथं पाठीच्या खुर्च्या होत्या, गाणं हळू होतं आणि मुख्य म्हणजे टॉयलेट खाली, स्वच्छ, धरायला दांडा असलेलं. आत्ती प्रवासात पाणी पीत नाहीत ह्याच कारणानं, त्या दिवशी प्यायल्या. म्हातारी बाई तुमच्याकडं यायची असेल तर तुमच्या कॉफीपेक्षा आधी ती हे बघते. आणि मेनू कार्ड मराठीत आणि कन्नडमध्येही असू द्या. पोरगा वाचून दाखवतो ते छानच, पण रविवारी गर्दीत प्रत्येक टेबलाला त्याला जमणार नाही, आणि स्वतः वाचून स्वतः ठरवण्यात जी मजा आहे ती आत्तींच्या वयाच्या बायकांनाही मिळू दे. भाषेवरनं आपल्याकडं जे चालतं ते चालू दे, खाण्याच्या कार्डावर दोन्ही लिपी बसतात.

आमच्या भागातला माल पण वापरा. बेळगाव तालुक्यातली रताळी, आमच्याकडचा तांदूळ, बैलहोंगल सौंदत्तीकडची ज्वारी, दारात पिकतं सगळं. त्या दिवशी सगळ्यात आधी काय संपलं असेल तर थालीपीठ, शेजारच्या टेबलावरच्या मेडिकलच्या पोरींनी आत्तींचं बघून मागवलं तर शिल्लक नव्हतं.

आणि घरच्या पुरुषमंडळींना. बायकोला वाढदिवसाला मिक्सर, कुकर देता ते द्या, पण सुगी झाल्यावर, लग्नसराई आटोपल्यावर, गणपती दिवाळी निस्तरल्यावर घरातल्या बायकांना एका रविवारी अशा ठिकाणी पाठवा, तुम्ही बरोबर जाऊ नका, घरी आमटी भात करा. सासू सून बरोबर गेल्या पाहिजेत हे माझं खास म्हणणं आहे, कारण सून मैत्रिणींबरोबर कधीतरी जाईलही, सासूला कोण नेणार?

संपादक साहेब, तुम्हालाही एक विनंती. पुरवणीतल्या त्या पानावर महिन्यातनं एकदा तरी आपल्या भागात बायकांनी जाऊन बसावं अशा जागांबद्दल छापा, कॅफे असू दे, साधं खानावळीसारखं हॉटेल असू दे, जिथं पाठीची खुर्ची आहे, टॉयलेट स्वच्छ आहे, कुणी उठवत नाही, बसस्टॉप जवळ आहे. वाचक बायकांकडनंच मागवा, त्या लिहितील. नंदगडची आत्तींची बहीण आणि गल्लीतल्या दोघी तिघी आतापासूनच विचारायला लागल्यात की आम्हाला कधी नेताय, त्यांना कुठं न्यायचं ते मला तुमच्या पेपरात वाचायला मिळालं तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, खानापूर